एचआर म्हणतं 'राजीनामा द्या'. सही करण्याआधी काय बघायचं?

वाकड_जावा:
नमस्कार मंडळी. सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, जावा-स्प्रिंग बूटवर एकूण ९ वर्षं, त्यातली ६ वर्षं ७ महिने सध्याच्या कंपनीत (हिंजवडी). प्रोजेक्ट बंद झालं, मी बेंचवर (पगार चालू, पण प्रोजेक्ट नाही) होतो. सोमवारी एचआरने बोलावून सांगितलं की स्वतःहून राजीनामा टाका, दोन महिन्यांचा पगार देऊ, शेवटचा दिवस ३० सप्टेंबर. नाहीतर आम्ही काढू आणि ते तुमच्या रेकॉर्डवर राहील. शुक्रवारपर्यंत पोर्टलवर राजीनामा हवा आहे. ऑफर लेटरमध्ये नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. ढोबळ पगार दीड लाख, बेसिक ६० हजार, फ्लॅटचा हप्ता ४६ हजार. आई-वडील कंपनीच्याच मेडिक्लेममध्ये आहेत, वडिलांना मधुमेह आहे.

राजीनामा द्यावा की नाही? पीएफ काढून हप्ते भरावेत का? आणि एका संस्थेचा एआयचा कोर्स आहे, २ लाख ८० हजारांचा, हप्त्यांवर मिळतो. तो करावा का?

कागद_आधी:
शुक्रवार ही त्यांची मुदत आहे, कायद्याची नाही. पोर्टलवर काहीही टाकण्याआधी आजच एचआरला मेल करा: 'सोमवारच्या बैठकीत आपण मला राजीनामा द्यायला सांगितलंत आणि दोन महिन्यांचा पगार देऊ म्हणालात. ही रक्कम नोटीसची की त्याशिवायची, शेवटचा दिवस, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि रिलीव्हिंग लेटरचा (नोकरीतून मुक्त केल्याच्या पत्राचा) मजकूर कृपया लेखी कळवा.' भांडणाचा सूर नको, धमकी नको. या मेलची प्रत स्वतःच्या खाजगी मेलवर ठेवा. कंपनीचा लॉगइन कधी बंद होईल याचा भरवसा नसतो.

आता ते दोन महिने बघा. तुमचा नोटीस पीरियड ६० दिवसांचाच आहे. म्हणजे ही रक्कम नोटीसचीच झाली, वर काहीच नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस (किंवा तेवढा पगार) आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची ७ वर्षं. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांसाठीचा निधी) १५ दिवसांचं वेतन ४५ दिवसांत तुमच्या खात्यात यायला हवं. तुम्ही 'कामगार' आहात का, हे पदनामावरून ठरत नाही, कामावरून ठरतं. स्वतः कोड लिहिणारा तांत्रिक माणूस त्यात बसू शकतो, पगार कितीही असो. माणसं सांभाळणारा मॅनेजर सहसा बसत नाही. त्यामुळे अप्रेझलची पत्रं आणि कामाचं वर्णन जपून ठेवा.

राजीनामा दिलात की ती कपात राहत नाही, स्वेच्छेने सोडणं होतं. कंपन्यांना राजीनामा हवा असतो तो यासाठीच. आता 'रेकॉर्डवर राहील' या भीतीबद्दल: पद रद्द झाल्यामुळे काढणं आणि गैरवर्तनामुळे काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात 'पद संपुष्टात आल्यामुळे' असं स्पष्ट असेल तर नव्या कंपनीच्या पडताळणीत त्याने अडत नाही.

माझं मत असं: कंपनी नोटीसच्या पगाराशिवाय वर्षांमागची भरपाई लेखी देत असेल तर राजीनामा द्यायला हरकत नाही. नसेल तर देऊ नका. आणि दिलात तर कारणात 'वैयक्तिक' हा शब्द येऊ देऊ नका. 'कंपनीने अमुक तारखेच्या बैठकीत सुचवल्यानुसार, अमुक तारखेच्या मेलमधल्या अटींवर' असं लिहा. पोर्टलवर कारणांचा ठरलेला ड्रॉपडाउन असतो. तिथे त्यातल्या त्यात जवळचं निवडून खालच्या रकान्यात हे वाक्य टाका आणि स्क्रीनशॉट घ्या.

अगदीच जुळलं नाही तर शिवाजीनगरला कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. पुण्यात 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशी प्रकरणं हाताळते. पण राजीनाम्यावर सही झाल्यावर गेलात तर दबाव टाकला होता हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, म्हणून आधी जा.

पीएफ_पासबुक:
वरच्या उत्तराला आकड्यांची जोड देतो.

ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम): शेवटचं बेसिक × १५ ÷ २६ × वर्षं. इथेही सहा महिन्यांवरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून ६०,००० × १५ ÷ २६ × ७ = २,४२,३०८. पण नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. वेतनातून वगळलेले भत्ते (घरभाडं वगैरे) एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच मोजतात. तुमच्या दीड लाखात ९० हजार भत्ते असतील तर ढोबळमानाने वेतन ७५ हजार धरलं जाईल आणि ग्रॅच्युइटी ३,०२,८८५ होईल. साठ हजारांचा फरक आहे, हिशेबाचा कागद मागून तपासाच. मुदत ३० दिवसांची. २० लाखांपर्यंत करमुक्त. याच ७५ हजारांवर कपातीची भरपाई काढली तर ७ वर्षांचे अंदाजे २ लाख ६२ हजार होतात. एचआरशी बोलताना हा आकडा हाताशी असू द्या.

बाकी वेतन शेवटच्या दिवसानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं असं वेतन संहिता सांगते. बऱ्याच कंपन्या अजून ४५ दिवस म्हणतात. मेलमध्ये नियमाचा उल्लेख करून तारीख मागा.

पीएफला शक्यतो हात लावू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने ठरवलेल्या नियमांत नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के १२ महिने बेकार राहिल्यावर, आणि पेन्शनचा भाग ३६ महिन्यांनी काढता येतो. या मुदती माणूस पोर्टलवर बघतो, पण पासबुकातला पेन्शनचा रकाना कोणी उघडत नाही. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हा १५ हजारांहून जास्त बेसिक असलेल्यांना पेन्शन योजना लागूच नाही. फ्रेशर असताना तुमचं बेसिक त्याखाली असेल तर तुम्ही सभासद आहात, आणि १० वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून मासिक पेन्शन सुरू होतं. साडेनऊ वर्षंही दहा धरतात. तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात. पेन्शन मोठं नाही: १५,००० × १० ÷ ७० म्हणजे महिना २,१४३ रुपये, सेवा वाढेल तसं वाढतं. पण आता तो भाग काढलात तर मोजणी पुन्हा शून्यापासून. जुन्या कंपनीची सेवा याच युएएनमध्ये (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) जोडलेली आहे ना, तेही आजच बघा.

कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासद पोर्टलवर स्वतः भरता येते. आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा.

आयकरात मात्र थोडा दिलासा आहे. एप्रिल ते सप्टेंबर ९ लाख आणि नोटीसचे ३ लाख, मिळून १२ लाख. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात सव्वाअकरा लाख, आणि १२ लाखांपर्यंत कर शून्य. कंपनीने तर वर्षाचे १८ लाख धरून दरमहा साडेबारा हजारांच्या आसपास टीडीएस कापला असणार. सहा महिन्यांचे ते ७५ हजार एकतर शेवटच्या पगारात समायोजित होतील किंवा विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील. मार्चच्या आत नवी नोकरी लागली तर हे गणित बदलतं. तेव्हा जुन्या कंपनीचं उत्पन्न नव्या कंपनीला लेखी कळवा. नाही कळवलं तर दोन्हीकडे वजावट आणि सूट मोजली जाते आणि जुलैमध्ये मोठा कर एकदम भरावा लागतो.

विमा_वाचून_घ्या:
वडिलांना मधुमेह असल्याने मी सगळ्यात आधी हे करेन. गट मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि तिथे आधी भरलेला प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांचा दावा मिळेपर्यंत थांबायचा काळ) मोजला जातो. अर्ज नोकरीत असतानाच करा. नवी कोरी पॉलिसी घेतलीत तर सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह लपवू नका. दावा नाकारायला तेवढं पुरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

म्हणूनच वाटाघाटीत एक मागणी अशी ठेवा: एकरकमी नोटीस पगाराऐवजी नोटीस पूर्ण होईपर्यंत नोकरीत ठेवा, काम दिलं नाही तरी चालेल. पगार तेवढाच, पण विमा दोन महिने पुढे जातो, पीएफ सुरू राहतो आणि मुलाखतीत 'सध्या नोटीसवर आहे' असं खरंच सांगता येतं.

गृहकर्ज: सहा हप्ते, म्हणजे २ लाख ७६ हजार, वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला शिवू नका. बँकेकडे हप्ता चुकण्याआधी जा, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबद्दल विचारा. चुकल्यानंतर गेलात तर सिबिलवर नोंद पडलेली असते आणि बँकेचा हात आखडतो. ९० दिवस थकलं की खातं बुडीत धरतात. क्रेडिट कार्डावर ढकलू नका, तिथलं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्के पडतं. कर्जासोबत नोकरी जाण्याचा विमा घेतला असेल तर कागद काढून वाचा. अशा बहुतेक विम्यांत राजीनामा दिलेल्याला दावा मिळत नाही.

भरती_खराडी:
शोधाबद्दल. नोकरी डॉट कॉमवर 'नोटीस पीरियड' बदलून 'सर्व्हिंग नोटीस' करा आणि शेवटची तारीख टाका. भरती करणारे आधी १५ दिवसांत येऊ शकणारे उमेदवार गाळून बघतात, मग अलीकडे प्रोफाइल अद्ययावत केलेले. ९० दिवसांची नोटीस असलेल्यांपुढे तुम्हाला हा खरा फायदा आहे आणि तो पहिल्या दोन-तीन महिन्यांतच असतो. म्हणून आधी 'थोडी विश्रांती' आणि मग शोध असं करू नका. ओळखीतून रेफरल मागताना 'काही असेल तर सांग' असं लिहू नका. त्या कंपनीच्या पानावरचा जागेचा क्रमांक, बायोडाटा आणि तुम्ही त्या जागेला का बसता याच्या तीन ओळी पाठवा. समोरच्याला फक्त पुढे ढकलायचं काम उरलं पाहिजे.

बायोडाटा दोन पानं, एकच कॉलम, तक्ते आणि फोटो नकोत. 'मायक्रोसर्व्हिसेसवर काम केलं' या ओळीने काही कळत नाही. कोणती सेवा, दिवसाला किती विनंत्या, काय बिघडलं होतं, तुम्ही काय बदललं, प्रतिसादाचा वेळ कितीवरून किती झाला, असं लिहा. आकडे खरे हवेत, कारण पुढचा अर्धा तास त्यावरच प्रश्न येतात.

९ वर्षांच्या जावा माणसाला जिथे अडकताना बघतो त्या जागा: स्प्रिंगमध्ये त्याच क्लासमधून मेथड बोलावली की ट्रान्झॅक्शनल का चालत नाही (प्रॉक्सी मधे येतच नाही), हायबरनेटमधली एन-प्लस-वन क्वेरी (यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी), काफ्काचा तोच संदेश दोनदा आला तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय करणार, आणि एसक्यूएलमधली विंडो फंक्शन्स. जावा ८ वरच राहिला असाल तर एक जुना नमुना प्रकल्प स्प्रिंग बूट ३ वर स्वतः हलवून बघा. जावा १७ लागतं आणि जावाएक्सची पॅकेजेस जकार्ता होतात. ते करताना जे तुटतं त्यातून बोलण्यासारखं भरपूर मिळतं.

'का सोडलं?' याला दोन वाक्यं पुरे: प्रोजेक्ट बंद झालं, पद गेलं. जुन्या कंपनीबद्दल तक्रार नको, तारखा खेचणं तर अजिबात नको. पडताळणी करणारे युएएनवरची महिनेवार नोंद बघतात. अनुभवाची पत्रं विकणारे याच कारणाने पकडले जातात आणि सोबत उमेदवारही.

आणि तो कोर्स करू नका. असे 'हप्ते' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स अर्धवट सोडला तरी ते चालूच राहतं.

वाकड_जावा:
खूप आभार. मेल पाठवला. एचआरने फोन करून सांगितलं की लेखी काही देणार नाही, पण नोटीस संपेपर्यंत ठेवू. एका एजन्सीकडून कॉन्ट्रॅक्टची जागा पण आली आहे, महिना १ लाख ६०. घ्यावी का?

कागद_आधी:
फोन झाल्यावर लगेच दुसरा मेल: 'आत्ताच्या फोनवर आपण नोटीस संपेपर्यंत नोकरीत ठेवण्याचं मान्य केलंत. यात काही चुकत असेल तर कळवावं.' उत्तर आलं नाही तरी तारखेची नोंद तयार होते. नवी शेवटची तारीख पोर्टलवर दिसेपर्यंत राजीनामा टाकू नका.

पीएफ_पासबुक:
कॉन्ट्रॅक्टमध्ये आधी विचारा की एजन्सीच्या पेरोलवर (त्यांचे पगारी कर्मचारी म्हणून) की व्यावसायिक फीवर. पेरोलवर असेल तर १ लाख ६० मध्ये मालकाची पीएफ वर्गणी धरली आहे का, तेही विचारा. फीवर असेल तर १० टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ आणि विमा नाही, रजेचे पैसे नाहीत. वर्षाला १९ लाख २० हजार होतात, म्हणजे जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा अगदी जवळ आहे. दुसरं एखादं छोटं काम घेतलंत तर ती ओलांडाल. व्यावसायिकांच्या अनुमानित कराच्या पद्धतीत निम्मी जमा उत्पन्न धरतात, त्यामुळे कर कमी बसतो. पण पेन्शनची उरलेली वर्षं भरायची असतील तर पीएफ असलेली पेरोलची जागा बघा. आणि करारात एजन्सी तुम्हाला किती दिवसांच्या नोटीसवर काढू शकते ते वाचा. तुमच्यासाठी ६० आणि त्यांच्यासाठी ७ असेल तर सही करण्याआधी दोन्ही सारखे करून घ्या.