होंडा ओडिसी टूरिंग (२००७): पॅक्स रन-फ्लॅट काढून साधी चाकं कोणती बसवावीत?

रारिटनकाठ (न्यू जर्सी)
सेकंड हँड ओडिसी टूरिंग घेतली आहे. चारही टायर मिशेलिनचे पॅक्स (रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे), साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) २३५-७१० आर ४६० ए. पुढच्या दोघांची नक्षी संपत आली आहे. टायरच्या दुकानांत "आमच्याकडे याचं मशीन नाही" एवढंच उत्तर मिळतं. याच रिमवर साधे टायर चढतील का? नसतील तर रिम कोणती आणि साइझ काय घ्यावा? टायरमधली हवा कमी झाली की लागणाऱ्या दिव्याचं आणि स्टेपनीचं काय करायचं? गाडीत स्टेपनी नाही.

पान्हा-पक्कड
याच रिमवर साधा टायर चढत नाही. ४६० म्हणजे रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये, साधारण १८.१ इंच. आकडा १८ च्या जवळ दिसतो म्हणून कुणी १८ इंची टायर बसवून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. पॅक्सच्या रिमची आतली आणि बाहेरची कड वेगवेगळ्या व्यासाची असते, आणि टायरची बीड (रिमला धरून बसणारी आतली कड) तिथे खास पद्धतीने अडकते. साध्या टायरची बीड तिथे नीट बसतच नाही. हवा भरताना किंवा रस्त्यावर ती सुटली तर जिवावर बेतेल.

तेव्हा रिम आणि टायर दोन्ही बदलायचे, तेही चारही एकदम. पुढे साधे आणि मागे पॅक्स असं ठेवू नका. साइडवॉलचा ताठरपणा इतका वेगळा आहे की वळणावर आणि जोरात ब्रेक लावल्यावर गाडी विचित्र वागते.

एक खर्च वाचेल: पॅक्स टायर रिमवरून उतरवायची गरजच नाही. हवा गेल्यावर भार पेलणाऱ्या आतल्या आधार-रिंगमुळे तेच काम किचकट असतं. नट काढून अख्खं चाक बाजूला ठेवायचं आणि नवं तयार चाक लावायचं. चाक वजनदार आहे, उचलताना कंबर सांभाळा.

डोंबिवली ते डॅलस
साइझचं बघू. पॅक्सचा बाहेरचा व्यास ७१० मिमी. त्याच वर्षीच्या ईएक्स-एलचा (ओडिसीचंच दुसरं मॉडेल) मूळ साइझ २३५/६५ आर १६, व्यास ७१२ मिमी. २३५/६० आर १७ येतो ७१४ आणि २३५/५५ आर १८ येतो ७१६. तिन्ही एक टक्क्याच्या आत, स्पीडोमीटरला काही फरक पडत नाही.

माझं मत १६ इंचीच्या बाजूने. होंडाची मूळ रिम सॅल्व्हेज यार्डात (मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या ठिकाणी) सहज मिळते, टायर स्वस्त, आणि उंच साइडवॉल खड्डे झेलते. २००५ ते २०१० च्या ओडिसीची घ्या: ५×१२० (पाच नट, १२० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ६४.१ मिमी. २००४ पर्यंतच्या ओडिसीची ५×११४.३ आहे, ती बसणार नाही. यार्डवाला "ओडिसीचीच आहे" म्हणाला तरी वर्ष विचारा.

लोड इंडेक्सवर (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) तडजोड नको. पॅक्स १०४ आहे, १६ इंचीचा मूळ १०३, म्हणजे प्रत्येक टायरला ८७५ किलो. आठ माणसं आणि सामान घेऊन जाणारी गाडी आहे ही. १८ इंचीत साधा टायर १०० चा मिळतो, म्हणजे ८०० किलो. तो नको, एक्सएल (जास्त भार पेलणारा) १०४ च घ्या. दारावरच्या स्टिकरवरचा दाब पॅक्ससाठी आहे. १६ इंचीला त्याच वर्षीच्या ईएक्स-एलच्या स्टिकरवरचा धरा.

पान्हा-पक्कड
१६ इंचीला दुजोरा. फक्त पहिलं चाक लावल्यावर हाताने पूर्ण फिरवून बघा, ब्रेकच्या कॅलिपरला कुठे घासत नाही ना.

हवा-पाणी
दिव्याबद्दल. पॅक्सच्या चाकांतले हवेचा दाब मोजणारे सेन्सर नव्या रिमवर नेण्याचा खटाटोप करू नका. गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) देऊन कोणता सेन्सर चालेल ते पार्ट्स काउंटरवर विचारा, आणि टायर चढवण्याआधीच रिममध्ये बसवून घ्या. नंतर टायर पुन्हा उतरवायचे म्हणजे दुप्पट मजुरी. सेन्सर बसवला की काम संपत नाही, प्रत्येकाचा नंबर गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो. ते स्कॅन टूल दुकानात आहे का, हे आधीच विचारून घ्या. चालू असलेली यंत्रणा जाणूनबुजून बंद पाडायला अमेरिकेत दुकानांना कायद्याने मनाई आहे, त्यामुळे सेन्सरशिवाय चाकं बसवायला बरीच दुकानं नकार देतात.

स्टेपनी घ्याच. पॅक्स हवा गेल्यावरही ताशी ८० किमीने सुमारे २०० किमी चालायचा, ती सोय आता जाणार. याच पिढीच्या ओडिसीची छोटी स्टेपनी, जॅक आणि पाना एकत्र घ्या. मागे नुसती टाकून ठेवू नका, पट्ट्याने घट्ट बांधा. अचानक ब्रेक लागला तर ती थेट मागच्या सीटवरच्या मुलांवर येईल.

रारिटनकाठ
मनापासून आभार. ईएक्स-एलच्या चार अलॉय रिम बघून ठेवल्या आहेत. नट जुनेच चालतील का?

डोंबिवली ते डॅलस
होंडाच्या मूळ रिमला होंडाचेच नट. त्यांची बसण्याची बाजू गोलसर असते. बाहेरच्या कंपनीच्या बहुतेक रिमना ६० अंशी शंकूसारखे नट लागतात. ही अदलाबदल झाली तर नट घट्ट वाटतो, पण टेकतो जेमतेम कडेवर आणि चालता चालता सैल होतो. रिम घेण्याआधी बॅलन्सिंग मशीनवर रिकामी फिरवून बघा, वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली असेल तर सोडून द्या.

तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) गंजाचा थर असणार. तारेच्या ब्रशने घासून धातू स्वच्छ करा. चाक अर्धा मिलिमीटर जरी तिरकं बसलं तरी हायवेवर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात. नट आधी हाताने फिरवा, मग चांदणीच्या क्रमाने (शेजारचा सोडून समोरचा) टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते दाखवणारा पाना) ९४ फूट-पाउंड, म्हणजे १२७ न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गनने शेवटचा पीळ देऊ देऊ नका. ८० ते १०० किमी चालवून झाल्यावर, चाकं थंड असताना, सगळे नट परत त्याच टॉर्कला तपासा.