मदत हवी आहे: सोन्याच्या जुन्या खाणीचा ढिगारा आणि वाघोलीची क्रशर डस्ट

नमस्कार मंडळी,

पुण्यात पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करतोय. सरांनी विषय दिलाय थेट कोलोरॅडोतला: सॅन हुआन पर्वतातल्या बंद पडलेल्या खाणी. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन आम्लयुक्त पाणी सुटलं आणि अ‍ॅनिमस नदी नारिंगी झाली, ते फोटो बऱ्याच जणांनी पाहिले असतील. पण ते पाणी बोगद्यातलं. माझं घोडं अडलंय बोगद्याच्या तोंडाशी उतारावर ओतून दिलेल्या वेस्ट रॉकपाशी, म्हणजे खाण खणताना निघालेल्या टाकाऊ दगडापाशी.

या दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतं. हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, त्यात जस्त, कॅडमियम, तांबं विरघळून ओढ्यात उतरतं. मला वाटतं आधी ढिगाऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणून बर्फाचं पाणी वळवावं, मग ढिगारा ओढ्यापासून लांब नेऊन झाकावा. पण ३,००० मीटरच्या वर झाकायला माती कुठली? गवत रुजायलाही उन्हाळा जेमतेम. सर म्हणतात, चुनखडी मिसळ.

तर प्रश्न असा: कॉलम चाचणीत (उभ्या नळीत दगड भरून त्यातून पाणी सोडायचं) चुनखडीऐवजी वाघोलीच्या क्रशरची बेसॉल्टची डस्ट, म्हणजे काळ्या दगडाची भुकटी, वापरली तर चालेल का? बेसॉल्टही आम्ल मारतो असं वाचलंय. (आणि हो, ती फुकटात मिळते.)

जुना_खाणकरी:
मारतो, पण फार सावकाश. बेसॉल्टमधली सिलिकेटं हळूहळू विरघळतात, आम्ल त्याआधीच तयार झालेलं असतं. पोकळ्यांत कॅल्साइट (चुनखडीतलंच खनिज) असेल तेवढंच चटकन काम करतं. डस्टवर थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून बघा, फसफसलं तर आशा.

सरांचंही अर्धंच बरोबर. पायराइटमधल्या दर १% गंधकामागे टनाला ३१.२५ किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागतं, हा नुसता कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात चुनखडीच्या कणांवर लोहाचा थर बसतो आणि आतला चुना वाया जातो. त्यामुळे तुमचा चर आधी, चुनखडी नंतर.

आणि तिथल्या ढिगाऱ्यासाठी वाघोलीपर्यंत यायचंच कशाला? सॅन हुआनही ज्वालामुखीचाच प्रदेश. तिथल्या प्रोपिलिटिक बदल झालेल्या (जमिनीतल्या गरम पाण्यानं खनिजं बदललेल्या) खडकात क्लोराइट हे हिरवं खनिज आणि कॅल्साइट असतं. नकाशात तो कुठे आहे ते शोधा.

धागाकर्ता:
धन्यवाद काका! हा खडक डोक्यातच नव्हता. मग दोन्ही कॉलम शेजारी लावतो, एकात चुनखडी, एकात डस्ट. आठवड्याचं चक्र तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट आणि सातव्या दिवशी धुणं असंच ना?

जुना_खाणकरी:
हो. पण तिसरा कॉलमही लावा, त्यात काहीच मिसळू नका. नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि चाचणी निदान २० आठवडे चालवावी लागेल, तेव्हा सबमिशनची तारीख आजच बघून ठेवा.