दोनदा जेवा की सहादा, वजनकाट्याला पत्ता लागतो का?

काटेकोर:
आमच्या ताईच्या घरात दोन तट आहेत. ताई दिवसातून दोनदाच जेवते, भावोजी दर दोन तासांनी थोडं थोडं खातात. वर्ष झालं, दोघांचंही वजन जिथल्या तिथे. माझं मत: कितीदा खाता याने काही फरक पडत नाही, एकूण किती खाता यानेच पडतो. 'सतत खाल्लं की चयापचयाची भट्टी पेटती राहते' हे तर निव्वळ थोतांड. अन्न पचवण्यात त्यातल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा जातो. २००० कॅलरी तीन वेळात खा नाहीतर सहा वेळात, खर्च २००च्या आसपासच. कॅनडातल्या, २०१० साली छापून आलेल्या एका छोट्या प्रयोगात १६ लठ्ठ माणसांना ८ आठवडे कमी कॅलरी दिल्या, निम्म्यांना तीनदा, निम्म्यांना सहादा. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं.

दोनवेळ:
असहमत. हिशेब बरोबर आहे हो, पण हिशेब करून कोण जेवतं? मी सहादा खायचो तेव्हा 'थोडं' म्हणजे अर्धी वाटी ठरली होती. महिन्याभरात ती वाटी कधी भरली आणि कधी शिगोशीग झाली, कळलंच नाही. दोन वेळा सुरू केल्यावर आठ महिन्यांत ९ किलो उतरलो. शिवाय खाल्लं की इन्सुलिन वाढतं, आणि ते वाढलेलं असताना साठवलेली चरबी सुटायला अडथळा येतो. सहादा खाणाऱ्याची चरबी सुटणार कधी?

काटेकोर:
९ किलोबद्दल अभिनंदन, पण हार इन्सुलिनच्या गळ्यात नको. सहा लहान खाण्यांनी सहा लहान चढ, दोन मोठ्यांनी दोन मोठे. तुमचं चार वेळचं खाणं सुटलं, एवढंच. चीनमधल्या ग्वांगझूचा २०२२चा प्रयोग बघा. १३९ लठ्ठ माणसं, कॅलरी सगळ्यांच्याच कमी केलेल्या, पण एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वर्षाअखेर त्या गटाचे सरासरी ८ किलो गेले, दुसऱ्याचे ६.३. संख्याशास्त्राच्या निकषावर हा फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही.

दोनवेळ:
आणि माझं ते चार वेळचं खाणं सुटलं कशामुळे? वेळेच्या नियमामुळेच ना! कॅलरी मोजायची वही मी तिसऱ्या दिवशी फेकली होती.

रातकिडा:
कितीदा खायचं यावर भांडताय, पण कधी खायचं ते? मी रात्रपाळी करते. पहाटे ३ वाजता खरी भूक नसते, डोळे उघडे ठेवायला हात डब्यात जातो. २०२२ मध्येच १६ जणांना तेच अन्न सुमारे चार तास उशिरा देऊन पाहिलं होतं. भूक वाढली आणि जागेपणीचा ऊर्जाखर्च कमी झाला.

काटेकोर:
१६ जण आणि मोजके दिवस. त्यात वजन किती घटतं हे तपासलंच नव्हतं. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या संशोधकांनी ३० जणांना चार आठवडे सकाळी भरपूर आणि चार आठवडे रात्री भरपूर असं खाऊ घातलं. वजनात फरक नाही. सकाळी भरपूर खाल्लं तेव्हा भूक मात्र कमी लागली.

रातकिडा:
मग मी वेगळं काय म्हणतेय? प्रयोगात ताट मोजून देतात, म्हणून जास्त भूक लागली तरी जास्त खाता येत नाही. घरी भूक लागली की फ्रीज उघडतोच.

थेंबेथेंबे:
जाता जाता, ज्यांची मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी धागा वाचून उद्यापासून जेवण टाळू नये. रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. माझ्या वडिलांना घाम फुटून हात थरथरताना पाहिलंय. आधी डॉक्टरांना विचारा, मग काय ती क्रांती करा.

काटेकोर:
+१ थेंबेथेंबे. रातकिडा, 'काही फरक पडत नाही' हे वाक्य मागे घेतो. फरक पडतो, पण भुकेच्या वाटेने. भट्टी मात्र थोतांडच.

दोनवेळ:
म्हणजे मीच जिंकलो. पण ताई दोनदा जेवते तर तिचं वजन का हलेना?

काटेकोर:
परवा ती स्वयंपाक करता करता चव बघत होती आणि मी मोजत होतो. अकरा चमचे. म्हणाली, "हे काय जेवण आहे का!"