लेकीच्या इसबाची कातडी फुटली आहे, आत्ता काय लावू?

बी-४०२ (रात्री १०.१२)
नमस्कार मंडळी, एवढ्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज करतेय, माफ करा. माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीला इसब आहे हे बऱ्याच जणांना माहीत आहे. थंडी पडल्यापासून फार वाढलाय. आज कोपराच्या खळग्यात आणि गुडघ्यामागे खाजवून खाजवून कातडी फुटली, पाणी येतंय. लेगिंग चिकटून बसली होती, ओढून काढताना किंचाळली हो. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

ए-१०३ आजी
बाळा, खोबरेल तेलात हळद कढवून लाव. जखम लगेच सुकते.

सी-२०६
आधी अँटिसेप्टिक टाकलेल्या पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या, वहिनी.

बी-१०४
माझ्याकडे गजकर्णाला आणलेली ट्यूब आहे, अर्धी उरलीय. दोन दिवसांत खाज बंद होते. वर पाठवू का?

ए-६०१
अगं थांब, यातलं काहीच लावू नकोस! मला स्वतःला इसब आहे, माझ्या मुलालाही आहे. तो आता १४ वर्षांचा आहे. हे सगळे प्रयोग आमच्या घरात होऊन गेलेत, म्हणून कळकळीने सांगतेय. आधी मला सांग, येणारं पाणी स्वच्छ आहे की पिवळसर? मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्यात का? ताप आहे? एकसारख्या बारीक गोल फोड्या, किंवा टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात का?

बी-४०२
ताप नाही, फोड्या नाहीत. पाणी स्वच्छ आहे. उजव्या गुडघ्यामागे एक खपली पिवळट वाटतेय, ट्यूबलाइटमध्ये नीट कळत नाही.

ए-६०१
मग आजची रात्र घरी निघेल, पण सकाळी डॉक्टरांना दाखवायचंच. रात्रीत ताप आला किंवा तशा फोड्या उठल्या तर सकाळची वाट बघू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

आता नीट वाच. कोमट पाण्याने अंघोळ घाल, कोपर बुडवून बघ, गरम लागता कामा नये. पाचेक मिनिटं पुरे. आज साबण, उटणं, डाळीचं पीठ काही नको. पुन्हा कपडा चिकटला तर ओढू नकोस, त्यावर कोमट पाणी सोडत राहा, आपोआप सुटतो. मग मऊ सुती कापडाने टीप. पुसायचं नाही, नुसतं टिपायचं.

जिथे पाणी येतंय तिथे गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ कापड १० मिनिटं ठेव. मग अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तिचं नेहमीचं मॉइश्चरायझर भरपूर लाव. चोळू नकोस, केस ज्या दिशेने असतात त्या दिशेने हात फिरव. कोरड्या भेगांवर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. बरणीत बोटं घालायची नाहीत, धुतलेल्या चमच्याने काढून घे, नाहीतर जखमेवरचे जंतू बरणीत जातात आणि तेच रोज अंगावर येतात. हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

फुटलेल्या जागेवर कापूस ठेवू नकोस, तंतू अडकतात. चिकटपट्टी तर अजिबात नको, काढताना चांगली कातडीपण सोलवटते. केमिस्टकडे पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी मिळते, ती चिकटत नाही. ती ठेवून वरून सैलसं बँडेज. आज नसेल तर जुनी मऊ सुती पँट उलटी करून घाल, म्हणजे शिवण टोचणार नाही.

आणि नखं आत्ताच काप. झोपेत खाजवते तेव्हाच सगळं फुटतं.

सी-२०६
पण न धुता जंतू कसे जातील?

ए-६०१
पाण्याने धुवायचंच आहे. अँटिसेप्टिक त्या उघड्या मांसाला झोंबतं, कातडी आणखी कोरडी पडते, आणि मूल पुढच्या अंघोळीला बाथरूममध्ये पाऊल टाकत नाही. माझा मुलगा दोन वर्षं अंघोळीला घाबरायचा.

आजी, हळदीबद्दल राग मानू नका. उघड्या जखमेवर तीही चुरचुरते, आणि सगळं पिवळं झालं की खालचा पू डॉक्टरांनाही दिसत नाही. खोबरेल तेल लावायचंच तर कातडी भरून आल्यावर, नुसतं.

सी-५०२
विचारू नये, पण लागण होत नाही ना? आमची मुलगी रोज तिच्याबरोबर खेळते.

ए-६०१
विचारलंत ते बरं केलंत. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खरूज लागते, नायटा लागतो, इसब नाही. माझ्या मुलाला पाळणाघरात वेगळ्या सतरंजीवर बसवायचे. मला हे महिनाभराने कळलं, तेही त्याने घरी आल्यावर स्वतःची चटई वेगळी टाकली म्हणून. आजही तो उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. या लेकराच्या वाट्याला आपल्या सोसायटीत तरी असं काही येऊ देऊ नका.

डी-२०४ (डॉक्टर)
आत्ता ड्युटीवरून आले. ए-६०१ ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे. भर घालते. इसबाच्या मुलांची कातडी मुळातच गळकी असते. बऱ्याच जणांत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतः कमी असतं, त्याच्या जनुकाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये समोर आला. ओलावा बाहेर जातो, जंतू आत शिरतात. त्यातून पिवळी खपली धरली की बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. तो मात्र टॉवेलवरून पसरू शकतो, म्हणून तेवढे दिवस टॉवेल वेगळा ठेवा. खेळायला हरकत नाही.

गोल फोड्यांचा प्रश्न ताईंनी विचारला तो फार महत्त्वाचा. ओठावर ‘जर’ (बारीक, दुखऱ्या फोड्या) उठतो त्याचा हर्पीस विषाणू इसबावर पसरला तर ती इमर्जन्सी असते, डोळ्याजवळ असेल तर जास्तच. घरात कोणाला ओठावर जर उठला असेल तर तो जाईपर्यंत मुलीचा पापा घेऊ नका.

बी-१०४, ती ट्यूब कृपया कोणालाच देऊ नका. त्यात बहुतेक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असेल.

ए-६०१
त्याच ट्यूबने आमचा घात केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळाली. दोन दिवसांत खाज गेली, म्हणून मी सहा महिने मानेला आणि गालाला लावत राहिले. कातडी इतकी पातळ झाली की खालच्या लाल शिरा दिसायला लागल्या. बंद केली तर आग आग. मीच लावत होते, हे अजून मनातून जात नाही.

बी-४०२
बापरे. मग आमच्या डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडपण बंद करू का?

डी-२०४ (डॉक्टर)
नाही! घाबरून बंद केलं की दाह भडकतो. योग्य ताकदीचं साधं स्टेरॉइड, सांगितलेले दिवस, पातळ थरात, हाच उपचार आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर क्रीमची रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, ते आपल्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. फक्त ती पिवळी खपली आहे तिथे आज लावू नका, उद्या बघू. घोटाळा होतो तो चिठ्ठीशिवाय घेतल्याने. २०१८ पासून ही क्रीम्स प्रिस्क्रिप्शनवरच द्यायची असा नियम आहे.

बी-१०४
टाकून दिली, मॅडम. मला खरंच माहीत नव्हतं.

ए-६०१
एक राहिलं. पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेली मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, धुतले तरी थोडं राहतंच. तिला गॅसजवळ किंवा देवघरात निरांजनाजवळ बसवू नकोस.

बी-४०२ (दुसऱ्या दिवशी, दुपारी १.३०)
दाखवून आलो. गुडघ्यामागे इन्फेक्शन सुरू झालंच होतं, अँटिबायोटिक दिलंय. बाकी तेच सांगितलं. पट्टी ठेवली तेव्हा रडली नाही. रात्रीचं तेवढं टेन्शन आहे, नखं कापली तरी बोटांनी घासत राहते.

ए-१०३ आजी
यांचं जुनं धोतर आहे माझ्याकडे, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालंय. त्याचे झोपताना घालायचे हातमोजे शिवून देते, शिवण बाहेरच्या बाजूला घेईन. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत माप पाठव, संध्याकाळपर्यंत देते.

बी-४०२
आजी, ११ सेंटीमीटर. 🙏