‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्या फॉरवर्डचं काय करायचं?

नेरुळ_पूर्व

नमस्कार मंडळी. १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनासाठी आमच्या भागातल्या सोसायट्या मिळून एक कार्यक्रम करणार आहेत. आधी रहिवाशांकडून गूगल फॉर्मवर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घ्यायची आणि मग व्याख्यान, असा बेत आहे.

तयारीच्या ग्रुपवर मात्र दोन तट पडलेत. एका बाजूने हा मेसेज फिरतोय: ‘२०२२ साली सिद्ध झालं, डिप्रेशनचा सेरोटोनिनशी संबंध नाही. गोळ्या हा निव्वळ कंपन्यांचा धंदा आहे, आजच बंद करा.’ दुसऱ्या बाजूने पत्रकाचा मसुदा आलाय, त्यात छापायचंय की ‘सरकारी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर दहामागे एक जण नैराश्यग्रस्त’. पहिल्या गटाला कुठलंच संशोधन नको, दुसऱ्याला ‘संशोधन’ शब्द दिसला की पुरतं.

जाणकारांनी सांगावं: या दोन दाव्यांत तथ्य किती? डॉक्टर नसलेल्या माणसाने असा दावा घरबसल्या तपासायचा कसा? आणि फॉर्मचा बेत ठीक आहे का?

---

तलावपाळी

आधी तो मेसेज, कारण तो वाचून कुणी खरंच गोळी बंद करू शकतं.

जुलै २०२२ मध्ये ‘मॉलिक्युलर सायकिअॅट्री’ या नियतकालिकात जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांचा आढावा आला. तोवर झालेले वेगवेगळ्या प्रकारचे अभ्यास एकत्र तपासून त्यांनी म्हटलं की, सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं याला सातत्याने टिकणारा पुरावा नाही. त्या आढाव्याच्या पद्धतीवर इतर संशोधकांनी आक्षेप घेतले, पण ‘मेंदूतलं एक रसायन कमी झालं की डिप्रेशन’ हे सोपं चित्र संशोधकांमध्ये त्याआधीच मागे पडलं होतं. लोकांना मात्र वर्षानुवर्षं तेच ऐकवलं गेलं, हा राग रास्त आहे.

पण त्या आढाव्यात गोळ्यांचा उपयोग होतो की नाही हे मोजलेलंच नाही. आजार कशाने होतो हा एक प्रश्न, उपाय लागू पडतो का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर चाचण्यांतून मिळतं. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र केल्या, एकूण १,१६,४७७ रुग्ण. एकवीसही औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, सरस ठरली. फरक सरासरीने माफक होता आणि बहुतेक चाचण्या साधारण आठ आठवड्यांच्या होत्या. त्यामुळे ‘गोळी पाच वर्षं घ्यावी का’ याचं उत्तर त्यात शोधू नये.

कंपन्यांवरचा संशय हवेतला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तपासल्या. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांचे निकाल अनुकूल होते, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल किंवा शंकास्पद होत्या. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अशा मांडल्या की वाचणाऱ्याला अनुकूल वाटाव्यात आणि प्रतिकूल म्हणून सरळ छापल्या गेल्या फक्त ३. दहावीचा निकाल लागला की ठाणे स्टेशनबाहेर क्लासवाल्यांची होर्डिंग लागतात, नव्वद टक्क्यांच्या वरच्यांचे फोटो असतात, क्लासला एकूण किती जण बसले होते ते कुठेच नसतं. इथे तोच प्रकार झाला.

मुलांच्या बाबतीत याहून वाईट घडलंय. पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीची किशोरवयीनांवरची ‘स्टडी ३२९’ ही चाचणी २००१ साली ‘परिणामकारक आणि सुरक्षित’ म्हणून छापली गेली. मूळ कागदपत्रं मिळाल्यावर २०१५ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतंत्र गटाने तीच आकडेवारी पुन्हा मांडली, तेव्हा औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही आणि आत्महत्येच्या विचारांसह गंभीर त्रास जास्त निघाले. अठरा वर्षांखालच्यांसाठी पॅरॉक्सेटिनचा प्रचार केल्याच्या आरोपासह इतर प्रकरणं मिळून ते बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने २०१२ साली अमेरिकेत ३ अब्ज डॉलर भरले.

हे सगळं उघडकीला आलं तेही संशोधनातूनच, नियामकाची कागदपत्रं चिकाटीने वाचणाऱ्या माणसांमुळे. म्हणून ‘कुठलंच संशोधन नको’ हे मला पटत नाही.

आता ‘आजच बंद करा’बद्दल. गोळी एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काहीतरी त्रास झाला आणि प्लासिबो थांबवलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. म्हणजे निव्वळ औषध थांबल्यामुळे त्रास होतो तो साधारण सहा-सात जणांत एकाला. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर उतरतात म्हणून जास्त जाणवतं, फ्लुओक्सेटिन सावकाश उतरतं म्हणून कमी. शिवाय हा त्रास म्हणजे आजार उलटला असं समजून लोक घाबरतात. बंद करायचीच असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, काही आठवडे ते काही महिने घेत, टप्प्याटप्प्याने डोस उतरवायचा. तो मेसेज ग्रुपवर आहे तिथेच खाली हे लिहा.

---

ऐरोली_खाडी

पत्रकातली ओळ छापू नका. ती बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून आली असावी. त्यातला १०.६ टक्के हा आकडा प्रौढांमधल्या सर्व मानसिक विकारांचा आहे, तंबाखूचं व्यसन वगळून पण दारूचं धरून. नैराश्याचा त्या वेळचा आकडा २.७ टक्के आणि आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचा ५.२ टक्के. आणि सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हताच. एका ओळीत दोन चुका आहेत. हेतू चांगला असला तरी अशा फुगवलेल्या आकड्यांमुळेच उद्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता फॉर्म. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २७. दहा किंवा वर गुण आले की पुढे तपासणी, असा वापर आहे. २००१ च्या मूळ अभ्यासात दहाच्या रेषेवर आजार असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले गेले. ऐकायला छान वाटतं. हिशेब करून बघा.

समजा १००० जणांनी भरला आणि त्यातल्या ५० जणांना खरंच नैराश्य आहे. ५० चे ८८ टक्के म्हणजे ४४ जण रेषेच्या वर. आजार नसलेले ९५०, त्यांचे १२ टक्के म्हणजे ११४ जणही रेषेच्या वर. एकूण १५८ जणांना फॉर्म ‘तपासून घ्या’ म्हणणार आणि त्यातल्या ४४ जणांनाच आजार. चारात एक, जरा जास्त. दवाखान्यात प्रश्नावली ठीक चालते, कारण तिथे येणाऱ्यांत आजाराचं प्रमाण मुळातच जास्त असतं आणि फॉर्मनंतर डॉक्टर समोर बसून बोलतात. सोसायटीच्या लिंकवर यातलं काहीच नसतं. थायरॉईड, रक्ताची कमतरता, रात्रपाळी, घरातलं ताजं दुःख, या सगळ्यांनी झोप, थकवा, भूक यांचे गुण चढतात.

ही प्रश्नावली फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून तयार झाली, हेही शंका घेणाऱ्यांना सांगा. तेवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही, इतर गटांनी ती अनेक देशांत स्वतंत्रपणे तपासली आहे. पण पैसा कुठून आला हे विचारणाऱ्याचं तोंड बंद करू नये.

---

कोपरी_पूल

वरच्या दोघांशी बऱ्यापैकी सहमत, पण एक गोष्ट निसटली. सगळा संशय गोळ्यांवर आणि समुपदेशन, ध्यान, मोबाइल अॅप यांना मोकळं रान, असं होता कामा नये. तिथे औषध कंपनी नसते, तरी अनुकूल निकालच छापायची खोड तीच. मानसशास्त्राचं एकूणच बघा: २०१५ साली १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळच्यांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा येणार नाही असा, होता, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत.

समुपदेशनाच्या अभ्यासात मी सगळ्यात आधी तुलना कुणाशी केली ते पाहतो. पुष्कळदा ती ‘प्रतीक्षा यादी’शी असते: अर्ध्यांना आज उपचार, अर्ध्यांना ‘तीन महिन्यांनी या’. थांबायला सांगितलेला माणूस स्वतःहून दुसरं काही करायचं टाळतो, कारण उपचार मिळणारच असतो. त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

चांगल्या तुलनेचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून ठरावीक सत्रं घेतली, ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’. नैराश्याचे ४९५ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. दुसऱ्या गटालाही नेहमीचे उपचार मिळाले आणि त्यांच्या डॉक्टरांना प्रश्नावलीचा निकाल कळवला होता. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ६४ टक्के लक्षणमुक्त, दुसऱ्यात ३९ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. तो ३९ चा आकडा विसरू नका. तुलनेचा गट नसता तर ६४ टक्क्यांचं सगळं श्रेय कार्यक्रमाला गेलं असतं. एखादं अॅप ‘आमच्या ६० टक्के वापरकर्त्यांना बरं वाटलं’ म्हणतं, तेव्हा हेच विचारायचं: न वापरणाऱ्यांपैकी किती जणांना वाटलं?

घरबसल्या तपासायचं तर असं. मेसेजमधल्या अभ्यासाचं नाव किंवा लेखकाचं आडनाव आणि वर्ष पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधपत्रं शोधायच्या संकेतस्थळावर, टाका, सारांश फुकट वाचता येतो. नाव-वर्ष काहीच नसेल तर मेसेज तिथेच बाजूला ठेवा. भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर जा. नोंदवही जुलै २००७ पासून आहे. शोधपत्रात नोंदणी क्रमांक असतो, सीटीआरआय, मग वर्ष, महिना, आकडा. त्याने नोंद उघडते. आधी नोंदणीची तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख लावून पाहा. नोंदणी नंतरची असेल तर निकाल पाहून उद्दिष्ट ठरवायला वाव होता. एप्रिल २०१८ पासून उशिरा केलेली नोंद घेतच नाहीत, पण जुन्या चाचण्यांत हे सर्रास दिसेल.

मग ‘प्रायमरी आउटकम’चा, म्हणजे आधीच ठरवलेल्या मुख्य मोजमापाचा रकाना. खरी मेख इथेच असते. समजा तिथे लिहिलंय ‘हॅमिल्टन मापनपट्टीवरचे (नैराश्य मोजायच्या) गुण, १२ व्या आठवड्यात’ आणि छापलेल्या लेखाच्या सारांशात आनंदाने सांगितलंय ‘झोपेत सहाव्या आठवड्यात सुधारणा’. याचा अर्थ बहुधा ठरवलेल्या मोजमापात काही हाती लागलं नाही, म्हणून जिथे लागलं ते पुढे केलं. वीस गोष्टी मोजल्या तर एखादी निव्वळ योगायोगाने अनुकूल निघण्याची बरीच शक्यता असते. नोंदीत किती रुग्ण घेणार होते आणि लेखात किती आहेत, मध्येच किती गळाले, पैसा कुणाचा, हेही बघा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. इंग्रजी वाचता येणारे दोन-तीन जण ग्रुपवर असतील तर वाटून घ्या.

---

नेरुळ_पूर्व

खूप आभार. पत्रकातली ओळ काढली आणि मेसेजखाली तलावपाळींचा मजकूर टाकला. फॉर्मबद्दल अजून आग्रह आहे. नाव न घेता, फक्त फ्लॅट नंबर घेऊन भरून घेतला आणि व्याख्यानात ‘आपल्याकडे इतके टक्के’ एवढंच सांगितलं तर? एका कॉलेजच्या विद्यार्थिनीने तीच माहिती प्रबंधासाठीही मागितली आहे.

---

ऐरोली_खाडी

फ्लॅट नंबर म्हणजे नावच झालं. आणि टक्केवारी जाहीर करू नका. लिंक कोण भरणार? ज्यांना विषय जवळचा आहे किंवा त्रास आहे तेच जास्त. वर मांडलेला खोट्या इशाऱ्यांचा हिशेब त्यात मिसळला की येणारा आकडा तुमच्या सोसायट्यांबद्दल काहीच सांगत नाही, पण ‘नेरुळमध्ये इतके टक्के डिप्रेशन’ म्हणून फिरणार मात्र नक्की.

विद्यार्थिनीला माहिती अशी परस्पर देता येत नाही. तिला तिच्या कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी आणि भरणाऱ्याची संमती आधी हवी, तीही संशोधनासाठी म्हणून. माहितीपत्रक मराठीत मागा. त्यात अभ्यास कशासाठी, उत्तरं कुणाच्या हाती जाणार, किती काळ ठेवणार, मध्येच माघार घेता येते आणि तक्रार कुणाकडे करायची, हे असलंच पाहिजे. ती हे सगळं घेऊन आली तर जरूर मदत करा, वेगळा फॉर्म, वेगळी वेळ.

सगळ्यात काळजीचा आहे नववा प्रश्न. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी शुक्रवारी रात्री त्यावर ३ नोंदवलं आणि तुम्ही शीट रविवारी उघडलीत तर? निनावी असेल तर पोचणार कुठे? उत्तर आल्याबरोबर बोलायला प्रशिक्षित माणूस हजर नसेल तर हा प्रश्न विचारूच नये. तो गाळून आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ असते, पण तुमच्या बेतातल्या बाकीच्या अडचणी तिनेही सुटत नाहीत.

त्यापेक्षा व्याख्यानाच्या दिवशी हॉलमध्ये कोऱ्या छापील प्रश्नावल्या ठेवा. मराठी भाषांतर उपलब्ध आहे ते घ्या, घरी केलेलं नको, शब्द बदलला की दहाची रेषा लागू राहत नाही. भरलेला कागद ज्याचा त्याने घरी न्यायचा, गोळा करायचा नाही. मागच्या बाजूला ठळक छापा: ‘बेरीज १० किंवा जास्त आली म्हणजे आजार आहे असं नाही, डॉक्टरांशी बोला. नवव्या प्रश्नाला ० सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता आजच बोला.’ खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्याखाली ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आणि तुमच्या जवळच्या मनोविकार ओपीडीच्या वेळा, छापण्याच्या आठवड्यात फोन करून खात्री केलेल्या. वक्त्यांना विचारून ठेवा की कार्यक्रमानंतर तासभर हॉलशेजारच्या खोलीत समुपदेशक बसवता येईल का. बसवणार असाल तर खोलीच्या दारावर पाटी लावू नका, व्याख्यानातच सांगा.