माकडांची अक्कल फळांनी वाढली की टोळीने?

कुळागरवाला, सत्तरी:
आमच्या कुळागरात माकडंही येतात नि वानरंही, पण वानर बसून पाला ओरबाडत राहतं आणि माकड मात्र केळी कुठं पिकतायत, माणूस घरात कधी गेला, सगळं बघून ठेवतं. माझं मत, अक्कल फळांनी वाढवली. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर कॅथरीन मिल्टन या संशोधक बाईंनी दोन जातींच्या माकडांची तुलना केली, वजनं जवळपास सारखी, पण फळं खाणाऱ्या स्पायडर मंकीचा मेंदू साधारण 107 ग्रॅम नि पाल्यावर जगणाऱ्या हाउलरचा 50 च्या आसपास!! पाला समोरच असतो, फळ कुठल्या झाडाला कधी येईल हे डोक्यात ठेवावं लागतं.

डिचोलीची बाय:
नाही पटलं दादा. रॉबिन डनबार या संशोधकानं 1992 मध्येच दाखवलं की टोळी मोठी तसा मेंदूतला निओकॉर्टेक्सचा, म्हणजे विचार करणाऱ्या बाहेरच्या थराचा, वाटा मोठा. बोत्सवानातल्या बबूनना दुसऱ्यांची घराणी आणि कोणाचा मान किती हे दोन्ही कळतं, रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवून तपासलंय हे. झाड फसवत नाही, सोबती फसवतो.

कुळागरवाला, सत्तरी:
मग इथिओपियातली गेलाडा माकडं शेकड्यांनी एकत्र गवत चरतात ती का नाही सगळ्यांत हुशार? आणि 2017 मध्ये 140 हून जास्त जाती तपासल्या तेव्हा मेंदूचा आकार टोळीपेक्षा आहाराशी जास्त जुळला, फळं खाणाऱ्यांचा पालाखाऊंपेक्षा साधारण 25 टक्के मोठा.

फोंड्याचा मास्तर:
माणसाचा मेंदू वजनाच्या 2 टक्के पण ऊर्जा खातो 20 टक्के. पाल्यावर एवढा खर्च निघणं कठीण, ते तरी मान्य करा.

डिचोलीची बाय:
मान्य मास्तर, पण त्यातून मेंदू परवडला कसा तेवढंच कळतं, लागला कशाला ते नाही. आणि गेलाडा गर्दीत असले तरी बाहेरच्या नरांचे आवाज ओळखत नाहीत, नुसती गर्दी म्हणजे नाती नव्हेत. सुमात्रात सुआक इथले ओरांगउटान काडीने नीसियाच्या फळातल्या बिया काढतात, नदीपलीकडेही तेच फळ आहे पण तिथले काडी वापरत नाहीत. फळाने अक्कल येते तर तिथं का नाही आली? सुआकला ते दाटीने राहतात, एकमेकांचं बघून शिकतात म्हणून.

कुळागरवाला, सत्तरी:
अगो बाय, पलीकडच्यांचा मेंदू काय लहान आहे? काडी शिकणं पिढ्यांचं काम, मेंदू वाढणं लाखो वर्षांचं, तू दोन्ही एकाच टोपलीत घालतेस. शिकायची कुवत दोन्ही काठांवर आहे, आणि ती कशानं आली एवढंच मी विचारतोय.