अनुभव धागा : अभियांत्रिकीच्या प्रकल्प अहवालात नेमके काय लिहावे?

सबमिशनच्या तारखा जवळ आल्या आहेत, म्हणून हा धागा. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, सारांश, अनुक्रमणिका, आकृत्यांची यादी, मग प्रस्तावना, लिटरेचर सर्व्हे (आधीच्या संशोधनाचा आढावा), कार्यपद्धती, निकाल, निष्कर्ष आणि संदर्भसूची हा साचा पुण्यातल्या जवळपास प्रत्येक महाविद्यालयात विभागाकडून छापील मिळतो. त्या शीर्षकांखाली काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ज्यांनी अहवाल लिहिले, तपासले, बांधले किंवा नंतर वापरले, त्यांनी आपला अनुभव शक्य तितका नेमका लिहावा. "वेळेत सुरुवात करा" हा सल्ला सर्वांना तोंडपाठ आहे, तो कृपया पुन्हा नको.

स्थापत्य शाखा, माजी विद्यार्थिनी, कोथरूड

आमचा प्रकल्प भोसरी परिसरातील फाउंड्रीची टाकाऊ वाळू काँक्रीटमध्ये नैसर्गिक वाळूऐवजी काही प्रमाणात वापरण्याविषयी होता. अहवालाची सुरुवात आम्ही निकालांच्या प्रकरणापासून केली आणि तीही चाचणीसाठीचा काँक्रीटचा एकही घन (ठोकळा) ओतण्याआधी. कोणते मिश्रण, कितव्या दिवशीची चाचणी, प्रत्येक संचातले तीन घन आणि त्यांची सरासरी असे रकाने आखून रिकामे तक्ते तयार ठेवले. हे करताना असे लक्षात आले की टाकाऊ वाळू न घातलेल्या मूळ मिश्रणाची सात दिवसांची चाचणी नियोजनातच धरलेली नव्हती आणि तुलना करण्यासाठी तीच लागणार होती. कागदावर रिकामा रकाना दिसल्यामुळे ती वेळेवर घेता आली.

दुसरी गोष्ट कच्च्या नोंदींची. एम२० (२८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद अपेक्षित असलेल्या काँक्रीट) च्या एका संचात २८ दिवसांनंतर १५० मिलिमीटरच्या तीन घनांची ताकद २४.२, २५.१ आणि १७.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली. सरासरी २२.४ भरते आणि अहवालात केवळ सरासरीच छापली असती तर कोणालाही शंका आली नसती. परंतु आयएस ४५६ : २००० या काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकाप्रमाणे कोणत्याही एका घनाचे मूल्य सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर असेल तर त्या नमुन्याचा निकाल ग्राह्य धरता येत नाही, आणि आमचा तिसरा घन सुमारे २० टक्क्यांनी खाली होता. त्याच्या एका बाजूला कोंबणी नीट न झाल्याच्या पोकळ्या छायाचित्रातही स्पष्ट दिसत होत्या. मार्गदर्शक मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही तो संच बाद ठरवला, नवा ओतला आणि बाद संचाच्या तिन्ही नोंदी छायाचित्रासह व कारणासह परिशिष्टात ठेवल्या. नव्या संचाचे २८ दिवस भरेपर्यंत बाकीची प्रकरणे लिहून झाली. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांचा सर्वाधिक वेळ त्या परिशिष्टाच्या पानावर गेला आणि त्यांचे प्रश्न आम्हाला सोपे गेले.

यंत्र शाखेचे अध्यापक, सातारा रस्ता

वरील अनुभवात रिकाम्या तक्त्याचा उल्लेख आला आहे. माझ्या मते त्याचा खरा उपयोग लिटरेचर सर्व्हेमध्ये आहे आणि अहवालातले सर्वांत दुबळे प्रकरणही बहुधा तेच असते. एका परिच्छेदात एक शोधनिबंध, त्याखाली दुसरा, "अमुक यांनी सौर शुष्ककाचा अभ्यास केला व त्यांना चांगले परिणाम मिळाले" अशी वाक्ये एकामागून एक लावलेली असतात. ती वाचून या गटाने हाच प्रकल्प का निवडला हे अजिबात उलगडत नाही.

मी माझ्या गटांना प्रत्येक निबंधासाठी एक ओळ आणि प्रत्येक बदलत्या घटकासाठी एक रकाना करायला लावतो. सौर शुष्ककाचेच उदाहरण घेतले तर कोणता शेतमाल, हवेचा वेग, तापमान, ट्रेमधील थराची जाडी आणि वाळण्यास लागलेला वेळ असे रकाने होतात. कांद्याच्या कापांवर काम करणाऱ्या एका गटाच्या तक्त्यात थराच्या जाडीचा रकाना बहुतेक ओळींत रिकामा राहिला आणि तिथेच त्यांना स्वतःचा प्रश्न सापडला. प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात हा प्रश्न मांडला की उद्दिष्टे त्यातूनच निघतात आणि "शुष्ककाची कार्यक्षमता वाढवणे" अशा मोघम वाक्याची गरज उरत नाही. त्या गटाने लिहिलेले उद्दिष्ट असे होते : "कांद्याच्या कापांच्या थराची जाडी बदलल्यास वाळण्याच्या वेळेत पडणारा फरक मोजणे व त्याची उघड्यावरच्या वाळवणाशी तुलना करणे." हे साध्य झाले की नाही, हे वर्षाअखेरीस कोणालाही तपासता येते.

संदर्भांबाबत थोडे. आयट्रिपलई (IEEE) या अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीत संदर्भाला मजकुरात प्रथम येण्याच्या क्रमाने चौकटी कंसातला क्रमांक मिळतो, त्यामुळे मध्येच एक नवा संदर्भ घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. झोटेरो किंवा मेंडेले ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना याचा त्रास होत नाही. हाताने क्रमांक टाकणाऱ्यांच्या अहवालात मात्र सतरावा संदर्भ यादीत एका विषयाचा आणि मजकुरात भलत्याच विषयाचा असतो आणि परीक्षकांचे बोट नेमके त्याच ठिकाणी पडते. न वाचलेला निबंध दुसऱ्याच्या यादीतून उचलू नये, हेही सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

इलेक्ट्रॉनिक्स शाखा, सध्या नोकरी, हिंजवडी

आमच्याकडे अहवालातले सर्किट आणि टेबलावरचे सर्किट वेगळे पडू नये, यासाठी एका मुलीकडे केवळ फेरबदलांची वही होती. सातव्या सत्रात ठरवलेले भाग आठव्या सत्रापर्यंत तसेच राहत नाहीत. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हवा तो रिले मिळाला नाही की दुसरा घेतला जातो, मग त्याचा ड्रायव्हर बदलतो, मग पॉवर सप्लाय बदलतो. वहीत तारीख, काय बदलले आणि का, एवढेच लिहिलेले असे. कार्यपद्धतीचे प्रकरण पुढे जवळजवळ त्या वहीतूनच उतरले.

मोजमापांच्या अंकांबद्दल आमचे गाइड फार काटेकोर होते. आम्ही डीएस१८बी२० हा तापमान संवेदक वापरला होता. तो १२ बिटांवर ०.०६२५ अंशांच्या पायरीने वाचन देतो, त्यामुळे संगणकावर २७.०६२५ असा रुबाबदार आकडा उमटतो. परंतु त्याची अचूकता उणे १० ते ८५ अंश सेल्सिअस या टप्प्यात अधिक-उणे ०.५ अंश एवढीच आहे. चार दशांश स्थळे छापणे म्हणजे जे आपण मोजलेच नाही ते मोजल्याचा दावा करणे, असे सांगून त्यांनी सर्व तक्ते एका दशांश स्थळावर आणवले आणि प्रत्येक आलेखाखाली संवेदकाची अचूकता लिहायला लावली. आलेखाच्या अक्षांवर एकक लिहिलेले नसेल तर ते पान न वाचता परत करत.

ब्रेडबोर्डचे छायाचित्र म्हणजे सर्किटची आकृती नव्हे. छायाचित्रात गुंतलेल्या तारांवरून कोणती पिन कुठे जोडली आहे, हे स्वतः जोडणाऱ्यालाही महिन्याभराने कळत नाही.

संगणक शाखा, माजी विद्यार्थी, कर्वेनगर

चौघांच्या गटात चार प्रकरणे वाटून घेतली की अहवालात चार भाषा दिसतात. एकाच गोष्टीला पहिल्या प्रकरणात वापरकर्ता, तिसऱ्यात ग्राहक आणि पाचव्यात सदस्य म्हटलेले आमच्या वरच्या तुकडीच्या अहवालात मी पाहिले होते. त्यामुळे आम्ही संज्ञांची एक यादी आधी ठरवली आणि शेवटचा हात एकानेच फिरवावा, असे ठरले. इतरांना ते थोडे लागले, पण वाचणाऱ्याची सोय झाली.

आमचा प्रकल्प पानांच्या छायाचित्रांवरून पिकाचा रोग ओळखण्याचा होता. अशा प्रकल्पांच्या सारांशात अचूकतेची टक्केवारी ठळक अक्षरांत येते. समजा, १००० छायाचित्रांपैकी ९५० निरोगी पानांची आहेत. अशा वेळी प्रत्येक पानाला डोळे झाकून "निरोगी" म्हणणारा प्रोग्रॅमही ९५ टक्के अचूक ठरतो आणि एकही रोगट पान त्याला सापडलेले नसते. म्हणून निकालाच्या प्रकरणात आम्ही कन्फ्यूजन मॅट्रिक्स (कोणत्या वर्गाची किती पाने बरोबर आणि किती चुकीची ओळखली याचा तक्ता) पहिल्या पानावर घेतले, प्रत्येक वर्गाची किती छायाचित्रे प्रशिक्षणाला आणि किती चाचणीला वापरली ते सांगितले आणि टक्केवारी त्यानंतर दिली. संपूर्ण कोड छापून पाने वाढवण्याची प्रथा आहे, ती मला निरर्थक वाटते. मुख्य अल्गोरिदम पायऱ्यांत लिहावा आणि कोड सीडी किंवा रिपॉझिटरीत द्यावा.

साम्य तपासणीविषयी (मजकूर इतरत्रच्या लेखनाशी किती जुळतो, हे पाहण्याविषयी) बरेच गैरसमज ऐकू येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ धरले आहे आणि त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० व ६० हून अधिक असे स्तर आहेत. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात. महाविद्यालये स्वतःची मर्यादाही ठेवतात, ती विभागातून विचारून घ्यावी. शब्द फिरवून टक्का खाली आणणारी साधने वापरलेला मजकूर मात्र वाचताक्षणी ओळखू येतो, कारण त्यात रूढ तांत्रिक संज्ञांचीसुद्धा भलतीच रूपे झालेली असतात.

प्रायोजित प्रकल्प, यंत्र शाखा, निगडी

कारखान्यात प्रकल्प करणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारायची गोष्ट म्हणजे अहवालात काय छापता येईल. आमच्या कंपनीने फिक्स्चरचे (यंत्रावर सुटा भाग घट्ट धरणाऱ्या साधनाचे) मूळ ड्रॉइंग आणि सुट्या भागाची किंमत देण्यास नकार दिला. त्यावर आम्ही परिमाणांविना रेखाचित्र दिले, सेटिंगचा वेळ मिनिटांत न देता जुन्या वेळेच्या टक्क्यांत दिला आणि तसे का केले ते प्रस्तावनेतच नोंदवले. कंपनीचे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, कारण सही करणारे साहेब शॉप फ्लोअरवर किंवा दौऱ्यावर असतात.

झेरॉक्स व बाइंडिंग व्यवसाय, अप्पा बळवंत चौक परिसर

आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी प्रथम डावा समास विचारतो. बाकीच्या बाजूंना एक इंच आणि डावीकडे दीड इंच सोडलेले असेल तर शिवणीत अक्षरे जात नाहीत. ए३ आकाराचे ड्रॉइंग घडी घालून बसवायचे असल्यास घडी पानाच्या बाहेरच्या कडेपासून थोडी आत ठेवावी लागते, अन्यथा कटिंगच्या वेळी पात्याखाली घडीच कापली जाते आणि ड्रॉइंगचे दोन तुकडे होतात. प्रमाणपत्रावरच्या सह्या हार्ड बाउंड करण्यापूर्वी घ्याव्यात, म्हणजे एखादे नाव किंवा वर्ष चुकलेले निघाले तरी तेवढे एकच पान बदलता येते. सुरुवातीच्या पानांना रोमन आणि प्रस्तावनेपासून १, २, ३ असे क्रमांक हवे असतील तर वर्डमध्ये मध्ये सेक्शन ब्रेक लागतो. शीर्षकांना हेडिंग स्टाइल दिलेली असेल तर सगळा मजकूर निवडून एफ९ दाबले की अनुक्रमणिकेतले पान क्रमांक आपोआप सुधारतात. हे काम घरून करून पीडीएफ आणावी, कारण दुकानातल्या संगणकावर फाइल उघडली की फॉन्ट बदलतो आणि पाने सरकतात.

बाह्य परीक्षक म्हणून अनेक महाविद्यालयांत गेलेल्या अध्यापिका, शिवाजीनगर

एका दिवसात अनेक गट असतात, त्यामुळे अहवाल पहिल्या पानापासून वाचला जात नाही, हे विद्यार्थ्यांनी गृहीत धरावे. मी सारांश वाचते, लगेच उद्दिष्टांचे पान काढते आणि तिथून थेट निष्कर्षांवर जाते. चार उद्दिष्टे असतील तर निष्कर्षांत चारही उत्तरे त्याच क्रमाने सापडली पाहिजेत, आणि एखादे साध्य झाले नसेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असावे. त्यानंतर मी एखादी आकृती निवडते आणि मजकुरात तिचा उल्लेख कुठे आहे ते शोधते. ज्या आकृतीचा मजकुरात उल्लेखच नाही, ती तिथे कशासाठी आहे, हा माझा पहिला प्रश्न असतो.

सारांशात "या प्रकल्पात आम्ही अभ्यास केला आहे" एवढेच असेल तर तो सारांश नव्हे. प्रश्न, पद्धत, मुख्य आकडा आणि मर्यादा या चारही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत, आणि तो सर्वांत शेवटी लिहिला तरच हे जमते. "भविष्यातील वाव" या शीर्षकाखाली मोबाइल ॲप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची नावे घालण्याची अलीकडे साथ आली आहे. त्याऐवजी स्वतःच्या प्रयोगात अपुरी राहिलेली मोजमापे लिहावीत.

यंत्र शाखा, तृतीय वर्ष, आकुर्डी

मी अजून अहवाल लिहिलेला नाही, पण आमच्या महाविद्यालयाच्या वाहन स्पर्धेच्या चमूत वरच्या तुकडीची गाडी पुढे नेताना त्यांचा अहवाल आम्हाला रोज उघडावा लागतो. त्यात चेसिसची अंतिम मापे आणि संगणकावरच्या ताण-विश्लेषणाची रंगीत चित्रे आहेत, परंतु नळ्यांच्या भिंतीची जाडी कुठेच नाही, त्यामुळे ती आम्ही कापलेल्या तुकड्यावर व्हर्नियर लावून मोजली. विश्लेषणात भार कुठे लावला आणि चेसिस कोणत्या ठिकाणी स्थिर धरली, हेही लिहिलेले नसल्याने त्या लाल-निळ्या चित्रांवरून आम्हाला काहीच पडताळता येत नाही. मागचे सस्पेन्शन त्यांनी एकदा बदललेले दिसते, कारण जुन्या ब्रॅकेटच्या वेल्डच्या खुणा नळीवर आहेत. बदलले का, हे त्यांच्यातल्या एका दादाला फोन करून विचारावे लागले. तेव्हा कळले की आधीच्या रचनेत वळणावर टायर नळीला घासत होता. आम्ही यंदाच्या अहवालासाठी नाकारलेल्या रचनांचे एक वेगळे प्रकरण आतापासूनच उघडले आहे आणि त्यात पहिली नोंद याच ब्रॅकेटची केली आहे.